सहा इंचांची पायरी: आईच्या बाथरूमच्या कामाची वही

१७ नोव्हेंबर २०२४, रविवार

भाऊबीजेच्या पहाटे आई संडासाच्या पायरीवरून पडली. पायरी सहा इंचांची. इमारत १९९१ सालची, म्हणजे ३३ वर्षं आम्ही सगळे ती पायरी झोपेतसुद्धा चढत-उतरत होतो. उजव्या खुब्यात हाड मोडलं. ५ तारखेला शस्त्रक्रिया होऊन अर्धा सांधा बदलला, ११ ला दवाखान्यातून सोडलं. सध्या ती ठाण्याला ताईकडे आहे. आमच्याकडे संडास अजून भारतीय पद्धतीचा, आणि डॉक्टरांनी बजावलंय: तीन महिने खुब्यात काटकोनाच्या पुढे वाकायचं नाही, पायावर पाय टाकायचा नाही. उकिडवं बसणं तर कायमचं बंद.

आई ७८ वर्षांची आहे. ताईकडे तिचं सगळं नीट चाललंय, पण रोज संध्याकाळी फोनवर एकच विचारणा असते, "माझ्या घरी कधी नेताय?"

मी नोकरीत दिवसभर दुसऱ्यांची बिलं तपासतो, म्हणून या कामाचीही वही घातली. माझे १,५०,००० आणि ताईचे ३०,०००, मिळून १,८०,०००. यापुढे जायचं नाही, असं आज तरी ठरलंय.

२० नोव्हेंबर, बुधवार

मतदानाची सुट्टी. सकाळी मत देऊन आलो आणि टेप घेऊन बसलो. (आईचं मत चुकलं. घरून मतदानाची सोय ८५ च्या पुढच्यांना आहे हे सांगितल्यावर म्हणाली, "मग सात वर्षं थांबते.")

डोंबिवलीतल्या त्या काळच्या बहुतेक घरांसारखंच आमच्याकडे संडास आणि बाथरूम शेजारी शेजारी पण वेगळे. संडास ३ फूट बाय ४ फूट. बाथरूम साडेचार बाय ४. मधे पाच इंचांची भिंत, गिलाव्यासकट. दोघांचे दरवाजे पॅसेजमध्ये उघडतात आणि चौकटीच्या आतून मोजलं तर वाट भरते २२ इंच. आईचा वॉकर २४ इंच रुंद. म्हणजे दारातच प्रश्न मिटला.

पॅसेजची फरशी शून्य धरली तर बाथरूम दोन इंच खाली, दारात ग्रॅनाइटचा उंबरा, आणि संडास सहा इंच वर. एका माणसाला सकाळच्या विधींसाठी घरातल्या घरात चार वेळा पातळी बदलावी लागते हे टेप लावेपर्यंत डोक्यात आलं नव्हतं.

पर्याय दोन. एक, आहे त्याच संडासात कमोड बसवायचा. कमोड भिंतीपासून २७ इंच पुढे येतो, तीन फुटांच्या खोलीत त्यापुढे उरतात ९ इंच. आडवा बसवला तर २१. वॉकर बाहेर ठेवून आईने भिंतींना धरत आत जायचं, मदतीला कोणी उभं राहायचं तर जागा नाही. दोन, मधली भिंत काढून दोन्ही एक करायचं. मग ७ फूट ११ इंच बाय ४ फूट मिळतं.

दुसऱ्या पर्यायावर घरात संध्याकाळी वादावादी झाली. बायकोचं म्हणणं रास्त आहे: एकजण अंघोळीला गेला की बाकीच्यांनी काय करायचं? लेकीची बारावी, माझी ६.५२ ची लोकल. वेगळा संडास ही मध्यमवर्गाची केवढी मोठी सोय होती ते तो पाडायची वेळ आली तेव्हा कळलं. बेसिन पॅसेजमध्येच राहील, दात घासायची अडचण नाही. बाकी वेळापत्रक लावू. ठराव पास, दोन विरुद्ध शून्य, लेक तटस्थ.

२४ नोव्हेंबर, रविवार

आजचा दिवस आईची मापं घेण्यात गेला. ठाण्याला फिजिओथेरपिस्ट बाई आल्या होत्या. मी त्यांच्यासमोर फोनवरचे कमोडचे फोटो धरले. त्यांनी फोन बाजूला ठेवायला लावला आणि माझ्याच हातात टेप दिली.

आईला खुर्चीवर बसवून गुडघ्यामागच्या खोलगटापासून टाचेपर्यंत मोजलं. साडेपंधरा इंच. त्यात किमान दोन मिळवायचे. बैठक गुडघ्यापेक्षा वर असेल तरच उठताना खुबा काटकोनाच्या आत राहतो. अडीच धरले, म्हणजे सीटसकट १८ इंच. बाजारातला साधा कमोड सीट धरून साडेपंधरा-सोळाच्या आसपास भरतो. आपल्याकडे "वेस्टर्न बसवला की झालं" म्हणतात, पण आईसाठी तो अजून दोन इंच बुटका आहे.

मग हाताच्या आधाराचं माप. बाईंनी ताईच्या कमोडच्या सीटखाली पाटाचे तुकडे घालून उंची १८ वर आणली, आईला कपड्यांसकट वर बसवलं, मला शेजारच्या भिंतीला झाडूचा दांडा आडवा धरायला लावला. "आजी, आता याला धरून उठा." मी २४ इंचांवर धरला तर आई पुढे झुकली. ३२ वर धरला तर खांदा वर आला आणि तोंडातून "आई गं" निघालं. २७ वर ती उठली. दांडा खाली दाबत, एका दमात, माझ्याकडे न बघता. तिथे पेन्सिलीने खूण केली, चिकटपट्टी लावली, फोटो काढला. ताईच्या नव्या रंगाचं नुकसान ती नंतर वसूल करेल.

कॅटलॉगमध्ये हे आधाराचे बार ३३ ते ३६ इंचांवर बसवा असं लिहिलेलं असतं. आईची उंची चार फूट अकरा.

दुसरं, अंघोळ. मी हँड शॉवरचं म्हणालो तर आईने हात झटकला. "अंगावर पाणी घेतल्यासारखं वाटत नाही. बादली-तांब्याच हवा." बाईंनी तिची समजूत घालायचा प्रयत्नही केला नाही. म्हणाल्या, बादली ठीक आहे, पण बादली जमिनीवर असेल तर तांब्या बुडवायला ती वाकणारच. बादली वर आणा. एका फुटाच्या ओट्यावर बादली ठेवली तर काठ साधारण मांडीच्या थोडा वर येतो आणि हात सरळ पडतो. ही गोष्ट मला कुठल्याही दुकानदाराने सांगितली नसती. त्यांच्याकडे ओटा विकायला नसतो.

२८ नोव्हेंबर, गुरुवार

दोन कंत्राटदार येऊन गेले.

पहिल्याने दारातूनच बघितलं आणि "सगळं मिळून एक पंधरा" सांगितलं. कागद मागितला तर व्हॉट्सअॅपवर चार ओळी आल्या. उलटून विचारत गेलो: वॉटरप्रूफिंग? "ते वेगळं." राडारोडा खाली नेणं? "ते सोसायटीवर आहे." टाइल्स? "लेबर आमचं, माल तुमचा." दरवाजा? "बोलू." सगळं मिळून म्हणजे नेमकं काय मिळून, हे त्यालाही माहीत नव्हतं.

दुसरा अर्धा तास होता. हातोडीच्या दांड्याने भिंती वाजवून बघितल्या. मधली आणि स्वयंपाकघराकडची भिंत चार इंची विटांची, बाहेरची सहा इंची. कॉलम-बीम कुठे आहेत ते इमारतीच्या जुन्या नकाशावर माझ्याकडून दाखवून घेतलं. मधली भिंत वजन घेणारी नाही. त्याने बाबवार दर दिले, बेरीज १,६८,०००, अधिक "तोडल्यावर खाली काय निघेल ते देवाला माहीत." हे शेवटचं वाक्य आवडलं. त्यालाच काम दिलं.

३० नोव्हेंबर, शनिवार

सोसायटीचा अर्ज. १०,००० परत मिळणारी अनामत, लिफ्ट वापराचे ३,००० परत न मिळणारे. काम १० ते १ आणि ३ ते ६, रविवारी बंद. खालच्या मजल्यावरच्या काकूंच्या छताला आमच्या संडासाखाली जुना डाग आहे, त्यांनी तो फोटोसकट अर्जाला जोडायला लावला. "आता तुम्ही उघडताच आहात तर." वाईट वाटून घेण्यासारखं नाही, डाग आमचाच असणार.

१ डिसेंबर, रविवार

टाइल्स. कल्याण-शीळ रस्त्यावर तीन दुकानं.

तिन्हीकडे "अँटिस्किड दाखवा" म्हटलं की मॅट टाइल पुढे येते. मॅट म्हणजे चमक नसलेली, एवढंच. ओली झाल्यावर तिचं काय होतं ते वेगळं. काही डब्यांवर आर १०, आर ११ छापलेलं होतं. हा आकडा तेल ओतलेल्या उतारावर बूट घालून चालून काढतात. ओल्या अनवाणी पायांसाठी ए, बी, सी अशी वेगळी प्रतवारी असते, ती कुठल्याच डब्यावर सापडली नाही. मग घरगुती उपाय केला. पाण्याच्या बाटलीत साबणाचं पाणी नेलं होतं, ते नमुन्यावर ओतून चप्पल काढून टाच घासली. दुकानदार बघत राहिला. दोन नमुने बाद झाले, त्यातला एक त्याने आत्ताच "हॉस्पिटलला जातो" म्हणून सांगितला होता.

फार खरखरीतही नको. त्यात साबणाचा थर बसतो, आठवड्याने घासायला बायकोच असणार आणि थर बसला की तीच टाइल निसरडी होते. शेवटी एक बाय एक फुटाच्या, मध्यम खरखरीत, गडद राखाडी घेतल्या. लहान टाइल म्हणजे सांधे जास्त, सांधे जास्त तेवढी पायाला पकड. जमिनीला ३६ चौरस फूट ६२ रुपयांनी, भिंतीला १६४ चौरस फूट ४८ रुपयांनी, दोन्ही १८ टक्के जीएसटी धरून. १०,१०४.

भिंती फिकट, जमीन गडद, कमोड पांढरा. दुकानदार सगळं पांढरंशुभ्र सुचवत होता, "खोली मोठी दिसते." आईच्या एका डोळ्याचा मोतीबिंदू निघालाय, दुसऱ्याचा बाकी आहे. पांढऱ्यावर पांढरा कमोड तिने शोधायचा कसा?

४ डिसेंबर, बुधवार

बजेट दुसऱ्यांदा मांडलं आणि कात्री लावली.

भिंतीला टांगणारा कमोड आणि भिंतीतली टाकी: हवी ती उंची मिळते, खालून झाडता येतं. पण चार इंची भिंतीला लोखंडी सांगाडा लागतो, सगळं मिळून २४,०००. बाद. साधा जमिनीवरचा कमोड आणि त्याच्या पायाच्या आकाराचा दोन इंचांचा ग्रॅनाइटचा तुकडा खाली. प्लंबर कुरकुरला, खालचा पाईप दोन इंच वर घ्यावा लागेल म्हणाला. घे. तुकडा पायापेक्षा मोठा नको, नाहीतर वॉकर त्यालाच अडेल आणि आपण नवीन पायरी बांधलेली असेल.

तापमान आपोआप सांभाळणारा मिक्सर: बाद. आहे त्या गीझरचा थर्मोस्टॅट ५० वर आणला, बादलीत आधी थंड मग गरम.

व्हीलचेअर: यावर रात्री बराच वेळ गेला. केंद्रीय नगरविकास मंत्रालयाने २०१६ साली सार्वजनिक इमारतींसाठी ज्या सूचना काढल्या त्यात स्वच्छतागृह किमान २.२ मीटर बाय २ मीटर सांगितलंय, आणि व्हीलचेअर पूर्ण फिरायला दीड मीटरचं वर्तुळ. आमची लांबी बसते, रुंदी चार फूट म्हणजे १.२ मीटर. बाहेर पाईपांचा डक्ट आहे, अलीकडे पॅसेज. ते वर्तुळ या घरात बसणार नाही, कितीही पैसे टाकले तरी. म्हणून ठरवलं: आज वॉकर, उद्या वेळ आलीच तर चाकांची अंघोळीची खुर्ची. ती सरळ आत ढकलायची आणि तशीच मागे ओढायची. त्यासाठी लागतं ते रुंद दार आणि सपाट जमीन. यात तडजोड नाही, बाकी सगळ्यात आहे.

९ डिसेंबर, सोमवार

तोडफोड सुरू. मी सुट्टी घेतली होती, घेतली नसती तरी चाललं असतं, धुळीत काही दिसत नव्हतं. आम्ही सकाळी समोरच्या काकूंकडे, अंघोळ ज्याच्या त्याच्या सोयीने. काकू रोज चहाही देतात, त्यामुळे आम्ही सगळे ओशाळलेले.

नवीन दार कुठे, हे भिंतीवर खडूने आखलं. बाथरूमचं जुनं दार डावीकडे वाढवत नेलं, मधल्या भिंतीची जाडी आणि संडासाच्या पुढच्या भिंतीचा तुकडा त्यात घेतला की तीन फुटांची वाट होते. वरचा लिंटेल, म्हणजे दारावरचं काँक्रीटचं आडवं तुळईवजा काम, दोन्ही दारांवरून अखंड गेलेला निघाला. त्यातला एक खर्च वाचला. संडासाचं दार विटांनी बंद.

राडारोडा १४० पोती, ३५ रुपये पोतं.

११ डिसेंबर, बुधवार

देवाला जे माहीत होतं ते आज आम्हालाही दिसलं. संडासाच्या भांड्याखालचा भराव उकरला तर चिखल. जुन्या सांध्यातून किती वर्षं पाणी मुरत होतं कोण जाणे. त्याखाली स्लॅबचं काँक्रीट हाताने सुटत होतं, दोन सळया गंजून पापुद्रे धरलेल्या. काकूंचा डाग तो हाच.

सळया तारेच्या ब्रशने घासून गंज काढायचा, रसायन लावायचं, पॉलिमर मिसळलेल्या मॉर्टरने भरून घ्यायचं: ११,०००. बजेटमध्ये हा आकडा नव्हता. राखीव म्हणून १०,००० ठेवले होते, ते एका दुपारी संपले. ताईला फोन केला तर म्हणाली, आई पडली नसती तर कदाचित आपण सगळेच काकूंच्या घरात पडलो असतो.

१४ डिसेंबर, शनिवार

ती सहा इंचांची पायरी का होती, ते आज कळलं.

स्लॅब पॅसेजपेक्षा नऊ इंच खाली दिलेला आहे. भारतीय भांडं आणि त्याखालचा वाकडा ट्रॅप (वास अडवायला पाणी धरून ठेवणारा पाईपचा बाक) मिळून पंधराएक इंच खोली लागते. नऊ खाली मिळाले, उरलेले सहा बिल्डरने वर काढले. झालं. कमोडला ट्रॅप त्याच्या पोटातच असतो, खाली लागतो तो फक्त चार इंची पाईप. आमचा पाईप बाहेरच्या भिंतीतल्या डक्टपर्यंत जेमतेम दोन फूट जातो, उतार अर्धा इंच. नऊ इंचांत आरामात बसतो. भांडं गेलं की पायरीचं कारणच गेलं.

मिस्त्री लेव्हल पाईप धरून उभा होता, पाणी स्थिर व्हायची वाट बघत. दाराशी शून्य, पलीकडच्या टोकाला नहाणीपाशी, म्हणजे पाणी जायच्या भोकापाशी, सव्वा इंच खाली. "एका फुटाला पाव इंच, साहेब. याच्यापेक्षा कमी दिला तर पाणी थांबतं, जास्त दिला तर खुर्ची पळते." शाळेच्या गणिताने केलं तर हा ४८ ला १ होतो, दोन टक्क्यांच्या किंचित वर. अमेरिकेच्या नियमपुस्तकात व्हीलचेअरच्या जमिनीचा जास्तीत जास्त उतार एवढाच येतो. मिस्त्रीने पुस्तक बघितलेलं नाही.

२१ डिसेंबर, शनिवार

वॉटरप्रूफिंग झालं. भिंतीवर एक फूटभर चढवून घेतलं, अंघोळीच्या बाजूला चार फूट. १९ तारखेला नहाणीला बोळा लावून दोन इंच पाणी भरलं, पातळीला पेन्सिलीची रेघ मारली. ४८ तास. आज सकाळी रेघेपासून पाणी केसभर खाली, तेवढं वाऱ्याने जातंच. काकूंकडे टॉर्च घेऊन गेलो. जुना डाग आहे तसाच, नवीन ओल नाही. काकूंनी स्टूलवर चढून स्वतः हात लावून बघितला, मी नको नको म्हणत असताना. त्या ७१ च्या आहेत!

२६ डिसेंबर, गुरुवार

घोळ. टाइल्सवाले दोघं नवीन आले होते, मी ऑफिसात. संध्याकाळी येऊन बादलीभर पाणी ओतलं तर अर्धं नहाणीकडे आणि अर्धं कमोडच्या बाजूला जाऊन थांबलं. तिथे जमीन पाव इंच खोल. ते म्हणाले, "पोछा मारला की निघेल." आईने रात्री दोन वाजता पोछा मारायचा का?

कंत्राटदाराला बोलावलं, पाणी ओतून दाखवलं. त्याने वाद घातला नाही. अकरा टाइल्स उकरल्या, पुन्हा बसवणार. दोन दिवस वाढले, पैसे नाही. टाइल बसवताना समोर हजर राहायचं, हा धडा टाइल बसल्यावर मिळाला.

३१ डिसेंबर, मंगळवार

आधाराचे बार. ३०४ ग्रेडचं स्टेनलेस स्टील, सव्वा इंच जाडी, खरबरीत पकडीचे. कमोडच्या डाव्या हाताला बाहेरच्या भिंतीवर आडवा, दोन फुटी, २७ इंचांवर. उजव्या हाताला घडी होऊन वर जाणारा, तो मागच्या भिंतीला. अंघोळीच्या खुर्चीशेजारी एक उभा, दाराच्या आत एक छोटा.

बाहेरच्या सहा इंची भिंतीत केमिकल अँकर, म्हणजे रसायनाने भिंतीत चिकटून बसणारे बोल्ट, घातले. मागची भिंत मात्र चार इंची आणि पलीकडे स्वयंपाकघर. घडीच्या बारवर आई सगळा भार टाकणार. प्लंबर प्लास्टिकचे गट्टू आणि स्क्रू घेऊन तयार होता. नाही म्हटलं. आरपार भोक, लांब बोल्ट, पलीकडून लोखंडी पट्टी. आता स्वयंपाकघरात डाळीच्या डब्यांमागे चार नट दिसतात. बायकोने तिथे कॅलेंडर लावायचं ठरवलंय, नवीन येतंच आहे.

बसवून झाल्यावर मी, माझे ८४ किलो, त्यावर लोंबकळलो. मग प्लंबरही. हलला नाही.

दुकानात रबरी चकतीने चिकटणारे बार ६०० रुपयांत मिळतात. टाइलच्या सांध्यावर आली की ती चकती कधी सुटेल सांगता येत नाही. पडताना माणूस जे हाताला येईल ते धरतो. आईने त्या पहाटे टॉवेलचा रॉड धरला होता, तो तिच्यासोबत खाली आला.

३ जानेवारी २०२५, शुक्रवार

दरवाजा बसला. बाहेर उघडणारा. आत उघडणारा असेल आणि आतला माणूस दारालाच टेकून पडला तर ढकलायचा कसा? पॅसेज थोडा अडतो, अडू दे. उंबरा नाही, दाराशी ग्रॅनाइटची ढाळ दिलेली पट्टी, जेमतेम अर्धा सेंटिमीटर वर.

कडीवरून मात्र गंमत झाली. मी आणि ताईने परस्पर ठरवलं होतं की आतून कडीच नको. आईला फोनवर कळलं. "कडी नसेल तर मी तुझ्या घरी येत नाही." आवाज चढवून नाही, साध्या सुरात. शेवटी बाहेरून नाण्याने फिरवून उघडता येते अशी कडी आणली, साडेचारशे रुपये. आत आई कडी लावते, बाहेर चौकटीवर दोन रुपयांचं नाणं चिकटपट्टीने लावून ठेवलंय.

इलेक्ट्रिशियनने गीझरच्या लाइनवर ३० मिलीअँपिअरचा गळती-प्रवाह तोडणारा ब्रेकर घातला. रात्रीसाठी पावलांबरोबर लागणारा दिवा गुडघ्याच्या उंचीवर. बिनतारी घंटेचं बटण जमिनीपासून एका फुटावर, कारण ते उभ्या माणसासाठी नाही.

६ जानेवारी, सोमवार

काम संपलं. १३ कामाचे दिवस सांगितले होते, लागले २४.

हिशेब. तोडफोड आणि राडारोडा १७,५००. स्लॅबची दुरुस्ती ११,०००. प्लंबिंग ३१,०००. वॉटरप्रूफिंग १९,५००. वीटकाम-गिलावा १४,०००. टाइल्स, चिकटवायचा माल आणि मजुरी मिळून २४,६०४. कमोड, नळ, हँड शॉवर (लेकीसाठी) २१,३००. बार आणि बोल्ट ९,८००. दरवाजा, कडीसकट, १३,२००. वीज ८,४००. बादलीचा ओटा आणि ग्रॅनाइट ५,२००. अंघोळीची हातांची खुर्ची ४,३००. घंटा आणि पायपुसणं ६५०. लिफ्टचे ३,०००.

एकूण १,८३,४५४. मर्यादेच्या वर ३,४५४.

पहिल्या पाच बाबींची बेरीज ९३,००० होते, अर्ध्याहून जास्त, आणि त्यातलं आता डोळ्यांना काहीच दिसत नाही. पाहुणे येऊन बघतात ते बार आणि खुर्ची. त्यांचे १४,१००. कोणी विचारलं "अशी सोय करायला किती येतो" तर कुठला आकडा सांगायचा? ज्यांच्याकडे जमीन आधीच सपाट आहे आणि दार रुंद आहे त्यांना १४,१००. आम्हाला पायरीचे पैसे पडले.

१२ जानेवारी, रविवार

आई आली. ताई आणि मी दोन्ही बाजूंनी, तिने दोघांनाही बाजूला केलं. वॉकर दारातून आत गेला, दोन्हीकडे सहा-सहा इंच मोकळे. कडी लागल्याचा आवाज आला. आम्ही तिघं पॅसेजमध्ये परीक्षेच्या निकालाला उभे राहिल्यासारखे. सात मिनिटांनी बाहेर आली.

"पंखा फार आवाज करतो."

एवढंच. मग संध्याकाळी खालच्या काकूंना हात धरून आत नेऊन सगळं दाखवलं, घडीचा बार वर-खाली करून, नाण्यासकट. काकूंनी मिस्त्रीचा नंबर घेतला.

१८ जानेवारी, शनिवार

आठवड्यातल्या तक्रारी लिहून ठेवतोय. सकाळची रांग अपेक्षेएवढीच. लेक आता साडेपाचला अंघोळ करते, हा अनपेक्षित फायदा. बादलीच्या ओट्याचा कोपरा धारदार राहिलाय, पॉलिशवाला मंगळवारी येणार. सोसायटीची अनामत परत मिळाली.

राहिली खुंटी. कपडे अडकवायच्या खुंट्या मी माझ्या हाताच्या उंचीवर ठोकून घेतल्या होत्या, साडेपाच फुटांवर. सगळ्या घराची मापं आईवरून घेतली आणि शेवटी ही एक माझ्यावरून. ती रोज साडी ओट्यावर ठेवते, ती भिजते, आणि हे तिने सहा दिवस सांगितलं नाही. आज ड्रिल आणलंय. तिला खुर्चीवर बसवून हात वर करायला सांगितला, बोटं पोचतात तिथे खूण केली. चव्वेचाळीस इंच.